दंडावर मावेल एवढं

सावधान सरांनी काढलेलं चित्र कारखान्यातल्या टेबलावर उलगडलं, तेव्हा भिंगवालीच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं.

सर शाळेत कवायत शिकवायचे. वर्गात शिरतानाही "सावधान!" म्हणूनच शिरत, म्हणून मुलांनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. छात्रपथकासाठी नवा बिल्ला हवा होता, डाव्या बाहीवर, दंडावर शिवायचा. सरांनी स्वतः, सुट्टीत बसून, पंख्याची जाळी झाकली जाईल एवढ्या कागदावर तो रंगवला होता. ढालीचा आकार. एका कोपऱ्यात उगवता सूर्य, दुसऱ्या कोपऱ्यात पंख पसरलेला गरुड. सूर्याखाली उघडं पुस्तक, गरुडाखाली दातेरी चाक. पुस्तकाखाली मशाल, चाकाखाली शिडाचं जहाज. या सगळ्यांच्या मधून, वरपासून खालपर्यंत, एक उभं वल्हं. भोवती पानांची माळ, तळाशी फीत आणि फितीवर भलं लांब ब्रीदवाक्य.

"एवढं सामान तर आम्ही सहलीलाही नेत नाही," कारखान्याचे मालक चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "पण गिऱ्हाईकाला हवंय ना? मग शिवायचं. त्यानं हत्ती मागितला तर हत्ती, मुंगी मागितली तर मुंगी."

"काका, हत्तीच्या पाठीवर मुंगी आणि मुंगीच्या डोक्यावर छत्री मागितलीय त्यांनी."

"मग छत्रीला दांडा विसरू नकोस."

भिंगवालीचं काम चित्राचे टाके करायचं. कुठला दोरा कुठून कुठे जाणार, कुठल्या बाजूनं भरणार, कुठे थांबणार, हे सगळं संगणकावर आखून मशीनला सांगायचं. या कामाला कारखान्यात पंचिंग म्हणत. चित्रकलेची पदवी घेऊन ती इथे आली आणि गळ्यात भिंग अडकवून टाके तपासू लागली, तेव्हापासून तिला हे नाव पडलं होतं. बँडवाले, पहारेकरी, क्लब, शाळा, सगळ्यांचे बिल्ले तिच्या हाताखालून जात. कागदावर सुंदर दिसणारी गोष्ट दोऱ्यात किती लवकर मरते, हे तिला चांगलं माहीत होतं.

तरीही तिनं सरांचं चित्र जसंच्या तसं, इमानदारीनं आखलं आणि एक नमुना भरून घेतला. मशीन थांबल्यावर फ्रेममधून कापड काढलं, तर गरुडाची पिसं उपटलेली कोंबडी झाली होती. पुस्तकाच्या जागी फुलपाखरू बसलं होतं. जहाजाची चप्पल झाली होती. ब्रीदवाक्याची अक्षरं एकमेकांत घुसून त्यांचा सुरवंट झाला होता. मधलं वल्हं तपकिरी, तेही ढालीच्या हिरव्या जमिनीवर. स्वयंपाकघरातल्या उलथन्यासारखं दिसत होतं.

हे सगळं सांगायला पाहिजे होतं, आणि तिथेच तर गाडी अडत होती. कारण भिंगवालीची मुलगी याच शाळेत होती, पाचवीत, आणि याच वर्षी छात्रपथकात गेली होती.

घरात तिला खारू म्हणत. एका जागी बसत नसे आणि गालात काहीतरी कोंबलेलं असे, म्हणून. या खारूला सध्या एकच ध्यास लागला होता, ध्वजपथकाचा. संचलनात झेंड्याबरोबर सगळ्यांच्या पुढे चालणारी मोजकी मुलं महिनाअखेर निवडायची होती. निवडणार होते सावधान सर. आणि सरांना कुणी चूक दाखवलेली खपत नाही, असं फाटकाशी उभ्या राहणाऱ्या सगळ्या आया एकमुखानं सांगत.

"मग नको ना बोलूस," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? बिल्ला काय, दोन वर्षांत विटतो. पोरीचं मन विटलं तर?"

"आई, तू सरांना अजिबात काही बोलू नकोस!" खारू तोंडात गाजर घेऊन ओरडली. ती आज्जीलाही आई म्हणायची, त्यामुळे घरात हा हुकूम नेमका कुणाला सुटला ते डोळे बघून ठरवावं लागे. आत्ता तो भिंगवालीला होता. "सर चिडले ना, तर मला मागच्या रांगेत टाकतील. बुटक्यांच्या."

"तू बुटकीच आहेस," सासूबाई म्हणाल्या.

"मी वाढतेय!"

 भिंगवालीच्या डोळ्यांसमोर गेल्या वर्षीचं शिबिर होतं. बऱ्याच शाळांची छात्रपथकं एका मैदानावर जमली होती आणि खारू तेव्हा पथकात नसली तरी ती शाळेची पालक म्हणून मदतीला गेली होती. सगळ्यांचा गणवेश खाकीच. फरक काय तो बाहीवरच्या बिल्ल्याचा, आणि त्या बिल्ल्यांवर जिकडेतिकडे तेच, मशाल, पुस्तक, चाक, पानांची माळ. सगळे हिरवे-तपकिरी, सगळे गजबजलेले. परतताना एक लहानशी मुलगी भलत्याच शाळेच्या रांगेमागून चालत गेली आणि भलत्याच बसमध्ये जाऊन बसली. बस सुटली. ती सापडेपर्यंत तिच्या बाईंनी मैदानाला किती घिरट्या घातल्या आणि त्यांचा चेहरा कसा होत गेला, ते भिंगवालीनं पाहिलं होतं. मुलगी सुखरूप परत आली. "मी बिल्ला बघूनच गेले," असं ती रडत रडत सांगत होती. खोटं नव्हतं ते. लांबून ते दोन्ही बिल्ले सारखेच दिसत होते.

यंदा त्या मैदानावर खारू जाणार होती.

म्हणजे बोलावं तर पोरीची जागा जाते, आणि न बोलावं तर पोरच हरवायचं. भिंगवाली मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. शाळेची बस जरा उशिरा आली तरी तिच्या मनात रस्त्यावरचे सगळे खड्डे येऊन जात. आता तर तिला दोन्हीकडून घोर लागला. शेवटी तिनं स्वतःशी हिशेब मांडला, की मागच्या रांगेतली मुलगी निदान रांगेत तरी असते.

मग तिनं दुसरा नमुना केला, आपल्या मनाचा. ढाल तीच. जमीन गडद निळी. तिच्यावर दोन पांढरे सारस, समोरासमोर उभे, माना किंचित मागे, मधे भरपूर मोकळी जागा. बास. तिच्या शिक्षकांनी शिकवलेलं तिनं तंतोतंत पाळलं होतं. गडदावर गडद नको, फिक्यावर फिकं नको, एका ढालीवर एकच गोष्ट सांगावी, आणि चित्राला श्वास घ्यायला जागा ठेवावी. कारखान्यात प्लास्टरचा एक हात होता, बाहीवरचे बिल्ले लावून बघायला. त्याच्यावर नमुना टाचून तिनं तो दारात ठेवला आणि रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं. दोन्ही सारस लखलखीत दिसत होते. तिला फार दिवसांत आपल्याच कामाचा एवढा आनंद झाला नव्हता.

घरी नमुना दाखवला तर सासूबाई म्हणाल्या, "बगळे का गं काढलेस?"

"सारस आहेत हो ते."

"असतील. पण शाळेचे म्हणशील तर बगळेच शोभतात. एका पायावर ध्यान, आणि मासा दिसला की गट्टम."

शाळेत बैठक मोठ्या बाईंच्या खोलीत होती. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बोलायच्या कमी, पण समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत पेन्सिल हातात तशीच धरून ठेवायच्या, त्यामुळे समोरच्याला वाक्य पूर्ण करावंच लागे. सर ताठ बसले होते. मालकांनी कामाचं निमित्त सांगून अंग काढून घेतलं होतं. भिंगवालीनं पहिल्यांदा सरांचा नमुना टेबलावर ठेवला.

सरांनी तो उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हे काय आहे?"

"तुमचंच चित्र, सर. दंडावर मावेल एवढ्या मापात."

"हा गरुड आहे?"

"होता," भिंगवालीच्या तोंडून निसटलं, आणि तिनं जीभ चावली.

मोठ्या बाईंची पेन्सिल हवेत थांबली. आता मागे फिरायची सोय नव्हती. भिंगवालीनं सगळं सांगितलं. दोऱ्याला जाडी असते, टाक्याला लांबी असते, या मापात चाकाचे दात उरत नाहीत, अक्षरं वाचता येत नाहीत. गेल्या वर्षीच्या शिबिरातली गोष्टही सांगितली.  "आणि सर, हे मधलं उलथन्यासारखं दिसतं, ते तर काढूनच टाकावं."

"उलथनं?" सरांचे कान लाल झाले. "ताई, ते वल्हं आहे."

"हो, ते कळलं मला, पण..."

"नाही, तुम्हाला नाही कळलेलं. नदीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडची लहान मुलं शाळेत होडीनं यायची. वल्ही मारायला कोण? वरच्या वर्गातली मुलं. पहाटे जायची, पोरांना घेऊन यायची, संध्याकाळी पोचवायची. तेच आपलं पहिलं छात्रपथक. मी त्या होडीत बसून शाळेत आलोय." ते थांबले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बाकीचं सगळं लोकांनी सुचवलं म्हणून घातलं. एकानं मशाल म्हटलं, एकानं चाक म्हटलं. नाही कुणाला म्हणायचं?"

 भिंगवालीनं आपला सारसांचा नमुना पुढे सरकवला. मोठ्या बाई म्हणाल्या, "हा स्वच्छ आहे." सरांनी तो हातातही घेतला नाही. 

"टेबलावर बघून काय करायचं?" मोठ्या बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "घालणार मुलं. एखाद्याच्या बाहीवर लावून बघू. बोलवा कुणाला तरी."

सर खिडकीशी गेले. खाली मैदानावर पाचवीचा खेळाचा तास चालला होता. त्यांनी खाली पाहिलं, मग वळून भिंगवालीकडे पाहिलं आणि पुन्हा बाहेर तोंड काढून हाक मारली. "ए, तू! हो, तूच. वर ये." मग शांतपणे म्हणाले, "तुमचीच आहे ना? म्हटलं, तिलाच बोलवू."

 म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या शब्दापासून ठाऊक होतं.

खारू धापा टाकत आली, आईला बघून तिचे डोळे मोठे झाले आणि ते तसेच आईवर रोखून ती दारात खाड्‌कन सावधानमध्ये उभी राहिली. भिंगवालीनं तिच्याकडे न बघता डाव्या बाहीवर सारसांचा बिल्ला टाचला, आणि समोरच्या भिंतीपर्यंत मागे गेली.

सारस नव्हते.

निळी पट्टी दिसत होती, कोरी. तिच्या दोन्ही कडांना दोन चोची तेवढ्या बाहेर आल्या होत्या. बाकीचे पक्षी, पायांसकट, एक छातीच्या बाजूला आणि एक पाठीच्या बाजूला, दंडाला वळसा घालून निघून गेले होते.

खारूनं मान वाकडी करून बाहीकडे पाहिलं. "आई, हे काय? कपडे वाळत घालायचे चिमटे?"

मोठ्या बाई खोकल्या. ते हसूच होतं.

भिंगवाली बघत राहिली. कारखान्यातला प्लास्टरचा हात पहारेकऱ्याचा होता. चांगला भरदार, पुरुषी. त्याच्यावर ढाल सपाट बसत होती. या दंडाभोवती तीच ढाल अर्धी गुंडाळली जात होती. आणि हा दंड काही परका नव्हता. दर वर्षी बाहीचं माप तीच घेत होती. तापात तोच दंड हातात धरून बसत होती, आणि हिला काही अंगी लागत नाही म्हणून सासूबाईंशी वाद घालत होती. जगातल्या सगळ्या दंडांत तिला सगळ्यात चांगला माहीत असलेला दंड, आणि बिल्ला करताना तिला तोच आठवला नव्हता. भिंग होतं, रस्त्यापलीकडून बघणं होतं, शिक्षकांचे सगळे नियम होते.

"आता माझा लावा," सर म्हणाले.

तिनं तो लावला. गरुड पाठीकडे गेला, सूर्य छातीकडे. पुस्तक गेलं, चाक गेलं, मशाल आणि जहाज गेलं, माळेची दोन-चार पानं उरली. मधोमध, तपकिरी, धूसर, पण उभं, राहिलं फक्त वल्हं.

तिघंही त्या बाहीकडेच बघत राहिले. खारूला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून ती आणखी ताठ झाली.

"सर," भिंगवाली म्हणाली, "माझं चुकलं. लहान मुलाच्या दंडावर मधली पट्टीच दिसते. आणि मी नेमकी तीच मोकळी सोडली होती."

"आणि मी नेमकं तिथेच उलथनं ठेवलं होतं," सर म्हणाले.

पुढचा वेळ कामात गेला. सरांनी मोठ्या बाईंच्या मेजावरचा कोरा कागद ओढला, भिंगवालीनं पेन्सिल घेतली. ढाल अरुंद आणि लांब केली. हिरवी जमीन गेली, गडद निळी आली. वल्हं पांढरं झालं. "पातं खाली आहे ना, म्हणून ते स्वयंपाकघरातलं वाटतं. वर केलं तर?" तिनं विचारलं. सर एकदम सरसावून बसले. "वरच पाहिजे! होडीत सलामी देतात ती वल्हं वर उभं धरूनच. मला हे आधी कसं सुचलं नाही?" ब्रीदवाक्य मुलांच्या तोंडी राहू दे, बाहीवर नको, असं मोठ्या बाईंनी ठरवून टाकलं. पानांची माळ गेली. सरांनी एकदाच हळूच विचारलं, "कोपऱ्यात छोटासा सूर्य?"

"सर."

"बरं, राहू दे."

खारू अजून सावधानमध्येच होती. सरांच्या ते लक्षात आलं. "विश्राम," ते म्हणाले. "जा, खेळायला जा."

घरी आल्यावर खारूनं आईशी संध्याकाळभर अबोला धरला. जेवताना मात्र राहवलं नाही. "तू सरांना उलथनं म्हणालीस?"

"सरांना नाही गं, वल्ह्याला."

"एकच!"

सासूबाई ताटात बघत म्हणाल्या, "झालं ते झालं. आता महिनाअखेर देव पावो."

महिनाअखेरपर्यंत बिल्ले शिवून झाले आणि मुलांच्या बाह्यांवर चढले. निवडीच्या दिवशी भिंगवाली कामावरून लवकर निघाली आणि मैदानाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. पलीकडच्या टोकाला आणखी दोन शाळांची पथकं सराव करत होती. आपलं कुठलं ते तिला क्षणात कळलं. निळ्यावर पांढरी उभी रेघ, रांगेनं. त्यातली खारू कोणती, हे मात्र शोधावं लागलं. बिल्ल्याचं काम तेवढंच असतं, पथक दाखवायचं. पोर आईनंच ओळखायचं.

सरांनी नावं वाचली. नाव घेतलेली मुलं एकेक पाऊल पुढे आली. खारू जागची हलली नाही. वाचून संपलं तरी ती पुढेच बघत होती, हनुवटी वर करून, आणि त्या हनुवटीवरून भिंगवालीला सगळं कळलं.

सर कुंपणाकडे आले. टाळलं नाही त्यांनी. "ताई, तुमच्या मुलीला नाही घेतलं. वळताना डावा खांदा पाडते. झेंड्यापुढे ते उठून दिसतं. पुढच्या वर्षी बघू."

भिंगवालीनं त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. डूख, समाधान, निदान अवघडलेपण. तिथे एवढंच होतं, की एका मुलीचा डावा खांदा पडतो.

"बरं, सर," ती म्हणाली.

रस्त्याला लागल्यावर खारूनं पाटी-दप्तर सगळं आईच्या हातात कोंबलं. रडली नाही. मग म्हणाली, "तू बोललीस म्हणूनच ना?"

"मला नाही तसं वाटत."

"मग खांदा खरंच पडतो?"

"माहीत नाही. वळून दाखव."

खारू पुढे गेली, कोपऱ्यावर थांबली, पाय जुळवले, हात सरळ केले आणि वळली. भिंगवाली मागून बघत होती. इतकी वर्षं ती या पोरीकडे बघत आली होती. ताप आहे का, गुडघा फुटलाय का, डोळे सुजलेत का, कुणी बोललंय का, हे सगळं तिला लांबून दिसायचं. खांदा कधी बघितलाच नव्हता.

खारू तशीच पाठमोरी उभी राहून वाट बघत होती. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता, आणि संध्याकाळही गोड झाली असती.

"पडतो," भिंगवाली म्हणाली. "थोडासा. पण पडतो."

खारूनं श्वास सोडला. "मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला दिसलाच नव्हता गं."

"आता नीट बघ." ती पुन्हा वळली. "आता?"

"आताही."

"आता?"

"कमी पडला. पण आता दुसरा वर गेला."

"आई!"

"मग काय, खोटं सांगू?"

खारूनं नाक पुसलं आणि समोरचा रस्ता निरखला. नेहमीचा रस्ता सरळसोट घरापर्यंत जायचा. डावीकडची गल्ली लांबची होती, छापखान्यामागून फिरून, पण तिच्यात वळणंच वळणं होती.

"इकडून जाऊ या," ती म्हणाली आणि हात सरळ करून पुढे निघाली. भिंगवाली दप्तर सावरत, चार पावलं मागे राहून, तिच्या खांद्यांकडे बघत चालू लागली.